वहीत नसलेला रकाना

पत्राचा सारांश: वय २८, मूळ गाव बार्शी, गेली काही वर्षं पुण्यात नोकरी. हातात येणारा पगार ३८ हजार. कर्वेनगरला दोघींच्या खोलीत पेइंग गेस्ट म्हणून राहतात, दोन वेळच्या जेवणासह ९,५०० रुपये. धाकट्या भावाच्या इंजिनीअरिंगसाठी घरी दरमहा ८ हजार पाठवतात. सव्वा वर्षापासून ५ हजारांची एसआयपी, म्हणजे म्युच्युअल फंडात दरमहा ठरावीक गुंतवणूक, चालू आहे, तिचे आता सुमारे ८० हजार झालेत. गुढीपाडव्याला त्यांनी एक वही सुरू केली. त्यात वजन, पावलं, पाणी, झोप, खर्च, बचत असे रकाने आहेत आणि शेवटी 'स्वावलंबन, टक्के' असाही एक रकाना आहे. वजन ६६ वरून ५८ किलो, बचत एक लाख आणि क्रेडिट कार्डाचं कर्ज शून्य, हे तिन्ही जमल्याशिवाय स्वतःची खोली घ्यायची नाही असं त्यांनी ठरवलं होतं. आज वजन ६५ ते ६७ च्या मध्ये आहे, कार्डाची बाकी ६२ हजारांवर अडलेली आहे आणि वहीची पानं लाल शाईने भरलेली आहेत. आईबाबा म्हणतात, लग्न होईपर्यंत वेगळ्या खोलीचा खर्च कशाला? त्या विचारतात, "वही बंद करू, की आणखी कडक शिस्त लावू? मी कशालाच लायक नाही असं वाटायला लागलंय."

उत्तर:

तुमच्या पत्राचा बहुतेक भाग वहीबद्दल आहे. कुठल्या रकान्याला हिरवी शाई, कुठल्याला लाल, रविवारी बेरीज कशी करता, पाण्याचे ग्लास मोजायचे राहिले की रात्री अंदाजाने कसे भरता, हे सगळं तुम्ही बारकाईने लिहिलंय. कार्डाचे ६२ हजार मात्र सगळ्यात शेवटी, ताजा कलम म्हणून आले आणि सोबत एवढंच, "हे वहीत लिहीत नाही, बघवत नाही." मला वाटतं, तुमची अडचण त्या ताज्या कलमात आहे. म्हणून तिथूनच सुरुवात करते.

तुम्ही दरमहा 'मिनिमम ड्यू', म्हणजे किमान भरावी लागणारी रक्कम, भरता. बिलाच्या पाच टक्के, म्हणजे साधारण ३,१०० रुपये. वेळेवर भरता, कधी चुकवत नाही, त्यामुळे कर्ज सावकाश का होईना फिटतंय असं तुम्हाला वाटत राहतं. आता बिल काढून व्याजाचा दर शोधा. आपल्याकडच्या बऱ्याच कार्डांवर तो महिन्याला तीन ते पावणेचार टक्क्यांच्या आसपास असतो. साडेतीन धरला तर ६२ हजारांवर एका महिन्याचं व्याज होतं २,१७०. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे आणखी ३९० रुपये. झाले २,५६०. तुम्ही भरलेल्या ३,१०० मधले मुद्दलात गेले फक्त ५४०. तेवढी खरेदी महिनाअखेरीला त्याच कार्डावर पुन्हा होते. शिवाय मागचं बिल पूर्ण फेडलेलं नसल्यामुळे नव्या खरेदीला बिनव्याजी मुदत मिळत नाही, घेतल्या दिवसापासून व्याज लागतं. आठ महिने बाकी जागची हलली नाही ती या हिशेबामुळे. तुम्ही आळशी आहात किंवा बेशिस्त आहात म्हणून नाही.

आता तुमच्याच पत्रातल्या दोन तारखा शेजारी ठेवते. ५ तारखेला एसआयपीचे ५ हजार कापले जातात. २२ तारखेच्या पुढे पैसे पुरत नाहीत, म्हणून तुम्ही कार्ड काढता. म्हणजे वर्षाला चाळीस टक्क्यांहून महाग उसने पैसे घेऊन तुम्ही म्युच्युअल फंडात घालताय. फंड छान चालला, वर्षाला १२ टक्के मिळाले असं धरलं, तरी ८० हजारांवर महिन्याला आठशे रुपये सुटतात. कार्ड त्याच महिन्यात २,५६० घेऊन जातं. वहीत एसआयपीचा रकाना हिरवा आणि कार्डाला रकानाच नाही, त्यामुळे हे दोन आकडे कधी समोरासमोर आलेच नाहीत.

एसआयपी चालू ठेवणं म्हणजे शहाणपण आणि मोडणं म्हणजे हार, हे तुमच्या मनात घट्ट बसलंय. ते तुमच्या एकटीच्याच मनात नाही. मोबाईल उघडला की कोणी ना कोणी एसआयपीचं महत्त्व सांगत असतं, आणि ते खोटंही नसतं. पण अंगावर कार्डाचं व्याज असताना ते आधी संपवण्याइतकी खात्रीची गुंतवणूक दुसरी नाही. म्हणून माझं स्पष्ट मत: एसआयपी थांबवा, फंडातून ६२ हजारांना पुरतील एवढे पैसे काढा आणि कार्डाची पूर्ण बाकी एका दमात भरून टाका. काढण्याआधी दोन गोष्टी बघा. फंड कर वाचवणारा, म्हणजे ईएलएसएस असेल, तर प्रत्येक हप्ता तीन वर्षं अडकलेला असतो आणि पैसे निघणार नाहीत. साधा इक्विटी फंड, म्हणजे शेअरमध्ये पैसे घालणारा, असेल तर वर्षाच्या आत घेतलेल्या युनिटांवर बहुधा एक टक्का कापला जातो आणि त्यांच्या नफ्यावर २० टक्के कर लागतो. तुमचा नफाच काही हजारांचा आहे. ही सगळी कापाकापी कार्डाच्या एका महिन्याच्या व्याजापेक्षाही कमी भरेल. विक्री केल्यावर दोन-तीन कामकाजाच्या दिवसांत पैसे खात्यात येतात.

एक सूचना, कारण इथे अनेक जण गडबडतात. पूर्ण बाकी भरल्यानंतरच्या बिलातही थोडं व्याज लागून येतं. बिल निघाल्यापासून पैसे भरेपर्यंतच्या दिवसांचं ते असतं. घाबरू नका, तेही पूर्ण भरा, मग पाटी कोरी. त्यानंतर खात्याला 'टोटल ड्यू'चं, म्हणजे पूर्ण बिलाचं ऑटो-डेबिट लावा, मिनिममचं नको. निदान सहा महिने कार्ड कपाटात राहू दे आणि शॉपिंगच्या ॲपमध्ये साठवलेला त्याचा नंबर काढून टाका. कार्ड बंद करायची घाई नको, जुनं कार्ड क्रेडिट स्कोअरला, म्हणजे कर्जासाठीची तुमची पत दाखवणाऱ्या आकड्याला, मदत करतं. तुमचा स्कोअर वर्षातून एकदा पूर्ण अहवालासह फुकट मिळतो, सिबिलसह चारही क्रेडिट माहिती कंपन्यांना तो द्यावाच लागतो. त्यासाठी कुणाला पैसे देऊ नका.

ज्यांच्याकडे मोडायला एसआयपी नाही पण कार्डाची बाकी आहे, त्यांनी महाग कर्ज स्वस्त कर्जात बदलायचं. पगाराच्या खात्यावरचं वैयक्तिक कर्ज, ऑफिसच्या पगारदार पतसंस्थेचं कर्ज, घरात सोनं असेल तर सोनेतारण, यांतलं काहीही कार्डापेक्षा बरंच स्वस्त पडतं. अट एकच. बदली करून झाल्यावर रिकामं झालेलं कार्ड पुन्हा भरायचं नाही, नाहीतर दोन कर्जं होतात.

आता वही. ती बंद करू नका. पण कडक शिस्त लावा असंही मी म्हणणार नाही. पत्र वाचताना मला सारखं वाटत राहिलं की ही वही तुम्ही कुणाच्या तरी तपासणीसाठी लिहिताय. रात्री साडेअकराला पेंगत असताना पाण्याचे ग्लास अंदाजाने कशाला भरायचे? कोण बघणार आहे? हिशेब आपण ठेवतो ते पुढचं पाऊल ठरवायला. म्हणून प्रत्येक रकान्याला एकच प्रश्न विचारा: हा आकडा बदलला तर मी उद्या काय वेगळं करणार आहे? ज्याला उत्तर नाही तो रकाना खोडा. पाणी खोडा, तहान लागली की प्या. झोपेचे तास आणि मिनिटं खोडा, झोपायला जायची वेळ पाळली की पुरे. रोजचं वजन खोडा, त्याविषयी पुढे सांगते. 'स्वावलंबन, टक्के' तर आजच खोडा. तुम्ही त्यात या महिन्यात ३५ लिहिलेत आणि गेल्या महिन्यात ४० होते. पाच टक्के कशाने कमी झाले, हे तुम्हालाही सांगता आलेलं नाही.

पैशांसाठी तीन आकडे पुरतात: पगाराच्या दिवशी खात्यात किती, महिन्याच्या शेवटी किती आणि कार्डाची बाकी किती. रोजचा चहा-वडापाव मी म्हणेन एक महिनाभर लिहा, त्यातून कुठे गळती आहे ते कळतं, मग थांबवा. वर्षभर चहाचे वीस-वीस रुपये लिहिणाऱ्यांना मी कंटाळून सगळा हिशेबच सोडताना पाहिलंय. गळती बहुतेक वेळा दोन-तीन ठिकाणीच असते. तुमच्या बाबतीत ती रात्री मागवलेल्या जेवणात आहे असं तुमच्याच खर्चाच्या यादीवरून दिसतं. मेसची भाजी नकोशी होते, मग साडेनऊला ॲप उघडलं जातं. त्यावर उपाय इच्छाशक्तीत नाही, स्वयंपाकघरात आहे. तिकडे येतेच.

वजनाबद्दल. ५८ हा आकडा कुठून आला, तर तुम्ही लिहिलंय की कॉलेजात तेवढं होतं. वाईट कारण नाही, पण पुरेसंही नाही. वजन दिवसागणिक एक-दोन किलो इकडे-तिकडे होतं. आदल्या रात्री खारट खाल्लं, पोट साफ झालं नाही, पाळी जवळ आली, की काटा वर जातो. त्यात चरबीचा काही संबंध नसतो. तुमच्या वहीतली ६५ आणि ६७ मधली ये-जा मला बरीचशी तशीच वाटते. तुम्ही पाण्याच्या चढउताराला लाल शाई लावताय. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, सकाळी उठल्यावर काही खाण्याआधी वजन करा आणि महिन्याच्या चार आकड्यांची सरासरी मागच्या महिन्याशी ताडून बघा. त्याहून चांगलं माप म्हणजे कंबर. शिंप्याची टेप घ्या, श्वास सोडा, पोट आत न ओढता मोजा. भारतीय स्त्रियांसाठी ८० सेंटिमीटर आणि पुरुषांसाठी ९० ही सावध व्हायची रेघ मानतात, कारण आपल्याकडे पोटाभोवतीची चरबी कमी वजनाच्या माणसालाही मधुमेहाकडे नेते. महिन्यातून एकदा मोजलं की झालं.

दहा हजार पावलांचा आकडा कुठल्या वैद्यकीय संशोधनातून निघालेला नाही. १९६० च्या दशकात जपानमध्ये पावलं मोजायचं एक यंत्र बाजारात आलं, त्याच्या जाहिरातीतून तो जगभर गेला. सात हजार पावलं झालेल्या दिवशी तुम्ही लाल शाई वापरता, हे वाचून मला वाईट वाटलं. सात हजार म्हणजे चांगलं चालणं आहे. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम आणि किमान दोन दिवस स्नायूंना ताण देणारा व्यायाम सांगते. त्यातला दुसरा भाग आपल्याकडच्या मुली हमखास सोडतात. त्यासाठी जिमची फी लागत नाही. खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं, भिंतीला हात लावून पुश-अप, पाण्याच्या भरलेल्या दोन बाटल्या हातात घेऊन जिने चढणं, एवढ्यावर पहिले दोन महिने निघतात. वहीत फक्त लिहा: या आठवड्यात किती मिनिटं, आणि ताकदीचे दिवस किती. प्रगती बघायचीच असेल तर पर्वतीवर जा. आज किती ठिकाणी थांबावं लागलं ते लिहा, आणि दोन महिन्यांनी पुन्हा जा.

पण हे सगळं सुरू करण्याआधी एक काम करा. तुम्ही ओघात लिहून गेलात की दोन जिने चढले तरी धाप लागते, दुपारी तीननंतर डोळे मिटायला लागतात, केस गळतात. तुम्ही याला 'फिटनेस शून्य' म्हटलंय. मी आधी हिमोग्लोबिन तपासायला सांगेन. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के भारतीय स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला होता. म्हणजे ज्यांना आपण आळशी आहोत असं वाटतं, त्यांच्यातल्या कितीतरी जणींच्या रक्तात लोहच कमी असतं. गर्भवती नसलेल्या स्त्रीचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर तो रक्तक्षय. सोबत थायरॉइड आणि बी-१२ही बघून घ्या आणि रिपोर्ट डॉक्टरांना दाखवा, गोळ्या मनाने घेऊ नका. तोवर जेवणाबरोबर किंवा जेवल्या जेवल्या चहा घेणं थांबवा, चहामुळे अन्नातलं लोह अंगी लागत नाही. डाळ-पालेभाजीवर लिंबू पिळा. मेसच्या ताटात प्रथिनं कमीच असतात, त्यात स्वतःची भर घाला: मोड आलेली मटकी, भिजवलेले हरभरे, दही, चालत असतील तर अंडी. शरीराला लागतं ते न देता त्याच्याकडून दहा हजार पावलांची वसुली करायची, हे बरोबर नाही.

आता खोली. तुम्ही तीन गोष्टी एकमेकींना बांधून टाकल्या आहेत: वजन उतरलं, कर्ज फिटलं आणि लाख जमले तरच स्वतःच्या खोलीत राहायचं. कर्जाचा आणि खोलीचा संबंध मला समजतो. वजनाचा आणि खोलीचा काय संबंध? ६६ किलोच्या माणसाला कुणी भाड्याने घर नाकारत नाही. मला वाटतं, स्वतंत्र राहणं हे तुम्ही स्वतःला द्यायचं बक्षीस करून ठेवलंय, आणि आपण त्या बक्षिसाला लायक आहोत हे आधी सगळ्या बाजूंनी सिद्ध करायला निघाला आहात. उलट बाजूने बघा. पीजीत गॅस लावायची परवानगी नाही, दहाला दार बंद, मेसचं जेवण नकोसं, म्हणून बाहेरून मागवणं, म्हणून कार्ड, म्हणून वजन. तुम्ही ज्या खोलीला शेवटची पायरी समजता, ती बाकीच्या दोन अडचणींचा उपायही असू शकते.

मात्र १२ हजार भाड्याची जी वन आरके तुम्ही बघून आलात, ती आत्ता घेऊ नका. ३६ हजार डिपॉझिट, दलालाला एक भाडं, पहिल्या महिन्याचं भाडं, असे ६० हजार किल्ली हातात येण्याआधीच जातात. वर गादी, कुकर, शेगडी. कार्ड फेडल्यावर तुमच्याकडे १७-१८ हजार उरतील आणि पुन्हा कार्ड काढायची वेळ येईल. कार्डाचे ३,१०० आणि एसआयपीचे ५ हजार सुटले की तुमच्या हाती महिन्याला ८ हजार जास्त राहतात. ते वेगळ्या खात्यात टाका, बँकेचं किंवा पोस्टाचं साधं आवर्ती खातंही चालेल. चार महिन्यांत जवळची शिल्लक धरून ५० हजार होतील. ऑफिसमधली जी मैत्रीण तुम्हाला एकत्र घर घेऊ म्हणतेय, तिच्यासोबत घेतलंत तर तुमच्या वाट्याला निम्मंच येईल, वर महिनाभराचा खर्च हाताशी उरेल. तुम्ही तिला नाही म्हणालात, कारण "ते खरं स्वतंत्र राहणं नाही." का नाही? भाडेकरारावर तुमचं नाव असेल, वीजबिल तुम्ही भराल, भाजी तुम्ही निवडाल. भांडी कुणी घासायची यावरून मैत्रिणीशी वाद झाला तर तोही तुम्हीच मिटवाल, आणि ते शिकण्यासारखं आहे.

या चार महिन्यांत स्वावलंबनाचे टक्के काढण्याऐवजी कामांची यादी करा आणि झालं की खूण करा. पीएफचा यूएएन, म्हणजे कायमचा खाते क्रमांक, सुरू करून पासबुक बघितलं का? पीएफला आणि बँक खात्याला वारस लावला का? कंपनीचा आरोग्य विमा नोकरी सुटली की संपतो, स्वतःचा छोटा विमा काढायचा का, याची चौकशी केली का? जवळचा एक डॉक्टर ठरवला का? पाच जेवणं, जी पुस्तक न बघता अर्ध्या तासात करता येतील, ती जमतात का? मुगाची खिचडी, पिठलं-भाकरी, मटकीची उसळ, वरणफळं, अंडाकरी, यात कामाचे सगळे दिवस निघतात. सुट्टीत बार्शीला गेलात की आईला बाजूला बसवून दोन्ही वेळचा स्वयंपाक तुम्हीच करा. ही यादी मी मुलांसाठीही तशीच्या तशी लिहिली असती. "घरापासून सुटका हवी" असं लिहिणाऱ्या कितीतरी मुलांचे कपडे अजून दर शनिवारी धुवायला घरी जातात.

घर ठरवताना एका गोष्टीवर अडून राहा. "अकरा महिन्यांचा करार आहे, नोंदणीची गरज नाही" असं दलाल बिनदिक्कत सांगतात. महाराष्ट्रात ते चुकीचं आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्स करार लेखी हवा आणि नोंदवलेलाच हवा, मग तो अकरा महिन्यांचा का असेना, आणि नोंदणी करायची जबाबदारी घरमालकाची आहे. ती ऑनलाइन होते. नोटरीचा शिक्का मारलेला कागद म्हणजे नोंदणी नाही. डिपॉझिट किती, ते किती दिवसांत परत, सोडताना रंगकामाचे पैसे कापणार का, हे करारात लिहून घ्या आणि डिपॉझिट बँकेतूनच द्या. किल्ली मिळाल्या दिवशी भिंती, नळ, गिझर यांचा मोबाईलवर व्हिडिओ काढून मालकांना पाठवून ठेवा. गॅसचं कनेक्शन मिळेपर्यंत पाच किलोचा छोटा सिलिंडर ओळखपत्रावर मिळतो, पत्त्याचा पुरावा मागत नाहीत. पहिले महिने तेवढ्यावर सहज निघतात.

राहता राहिले बाबा. दर पगाराला फोनवर त्यांना सगळा हिशेब सांगता आणि त्यातून कार्ड वगळता. वहीतूनही ते वगळलंत त्याचं मूळ मला इथेच दिसतं. त्यांना सांगावं का, हे तुम्ही विचारलेलं नाही, तरी सांगते: सांगावं, पण फेडून झाल्यावर, आणि फोनवर नको, समोर बसून. आधी सांगितलंत तर कुठलाही बाप आपली ठेव मोडून पैसे पुढे करेल. मग तुमचं कर्ज फिटेल, पण ते तुम्ही फेडलेलं नसेल. फेडल्यावर सांगा की भावाच्या ॲडमिशनच्या वेळी कमी पडले म्हणून कार्ड वापरलं, व्याज कळलं नाही, आता बाकी शून्य आहे, हे बिल बघा. रक्कम पूर्ण सांगा, ६२ चे चाळीस करू नका. आणि त्याच बैठकीत घरी पाठवायच्या ८ हजारांचंही बोला. ते कमी करा असं मी म्हणत नाही. भाऊ दुसऱ्या वर्षाला आहे, म्हणजे हे पैसे कधीपर्यंत लागतील आणि त्यानंतर काय, एवढं तिघांनी मिळून ठरवा. पुढच्या वर्षीच्या फीसाठी शैक्षणिक कर्जाचा अर्ज भावाच्या नावाने करता येतो का, हेही विचारा. आज घरात कुणी ते विचारत नाही, कारण ताई देते.

"लग्न होईपर्यंत कशाला खर्च" यावर वाद घालू नका. खोलीचा हिशेब कागदावर मांडून दाखवा: पीजी आणि बाहेरचं खाणं मिळून आज किती जातात, दोघींच्या घरात किती जातील. आणि घर घेतल्यावर पहिल्याच महिन्यात आईबाबांना दोन दिवस राहायला बोलवा.